बोटीवरचा खो

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

समुद्रापासून आमचा धाराशिव जिल्हा किती लांब आहे ते नकाशात पाहून कळत नाही, उन्हाळ्यात कळतं. बालाघाटाच्या माथ्यावरचा हा मुलूख. पाणी म्हटलं की आम्हांला टँकर आठवतो, आटलेली बोअर आठवते. त्यामुळं आमच्या लग्नाला बत्तीस वर्षं होताहेत म्हणून थोरल्या मुलीनं मुंबई ते गोवा अशा सहलीच्या बोटीची तिकिटं काढली, तेव्हा तिची अम्मी आमच्या घरच्या दखनीत म्हणाली, "पानी देखनेकू पैसे देना क्या जी?"

मुलगी पुण्यात बँकेत आहे. तिनं आईचं ऐकलं नाही. माझंही ऐकलं नसतं, पण मी काही बोललोच नाही. मला बोट बघायची होती.

आमच्या घरात बोट या शब्दाचा एकच अर्थ होता, तो म्हणजे हज. माझे नाना १९७८ साली बोटीनं हजला गेले. येडशीला बार्शी लाइटच्या छोट्या गाडीत बसायचं, कुर्डुवाडीला मोठी गाडी धरायची आणि मुंबई गाठायची. निम्मी गल्ली येडशीपर्यंत पोचवायला गेली होती. त्यांच्या बोटीचं नाव 'अकबर'. आठवडाभर नुसतं पाणी. त्या दिवसांत घरी कोण आजारी पडलं, कोण गेलं, पाऊस पडला की नाही, यातलं काही बोटीवर पोचत नसे. नाना सांगायचे, नमाजाच्या वेळी किबला कुठं ते खलाशांना विचारावं लागे आणि बोट वळली की माणसांच्या रांगाही वळायच्या. १९९५ पासून हजचा तो जलमार्ग बंद झाला. आता विमानात बसलं की काही तासांत जेद्दा.

तर शुक्रवारी, १७ जानेवारी २०२५ ला, आम्ही तिघं बॅलार्ड पिअरला बोटीत चढलो. बोट कसली, आडवी पडलेली बारा मजली इमारत. पोहण्याचा हौद, नाटकगृह, चोवीस तास जेवण. कॅसिनोही होता. तिकडं आमची पावलं वळली नाहीत. त्यात पुण्य किती आणि भीती किती ते सांगता येणार नाही. माझं लक्ष मात्र माथ्यावरच्या दोन पांढऱ्या घुमटांकडं गेलं. घुमट दिसला की मला गावचा ख्वाजा शमसोद्दीन गाझींचा दर्गा आठवतो. पण हे घुमट कशाचे?

एका तरुण कर्मचाऱ्यानं समजावून सांगितलं. तो गोव्याचा होता आणि त्याच्या मराठीत कोकणीचा हेल होता. घुमटाच्या आत तबकडी असते. किनारा सोडून बोट आत गेली की किनाऱ्यावरच्या मनोऱ्यांचा हात तिच्यापर्यंत पोचत नाही आणि मोबाइल मुका होतो. मग आसरा उपग्रहाचा. तो विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्या गतीनंच फिरतो, म्हणून आपल्याला एका जागी थांबल्यासारखा भासतो. तो थांबतो, पण बोट कुठं थांबते? ती डुलते, वळते. म्हणून घुमटातली तबकडी क्षणोक्षणी फिरवत ठेवणारी यंत्रं असतात. बोट कुठंही तोंड करो, तबकडीचं तोंड उपग्रहाकडंच राहिलं पाहिजे. मला नाना आठवले. त्या पोराला मी ते सांगितलं नाही, एवढ्या घाईच्या माणसाला काय सांगायचं!

आता मुख्य गोष्ट. रविवारी, १९ जानेवारीला, आमची बोट गोव्याहून मुंबईकडं परतत होती आणि त्याच संध्याकाळी दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचे अंतिम सामने होते. मुलींचा आणि मुलांचा, दोन्ही भारत विरुद्ध नेपाळ. तिकिटं काढताना हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्या ध्यानात आलं ते बोटीत चढल्यावर, आणि मग मला गोव्यात चैन पडेना.

ज्यांनी आमचा जिल्हा पाहिलेला नाही त्यांना वाटेल, खो-खोसाठी एवढी घालमेल कशाला? क्रिकेटचं समजू शकतो. पण आमच्याकडं संध्याकाळी तुळजाभवानी स्टेडियमच्या बाजूनं गेलात तर आधी तुम्हांला खेळ दिसत नाही, ऐकू येतो. खो, खो, खो! या मातीनं सारिका काळेसारखी खेळाडू दिली. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय मुलींची ती कर्णधार होती आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. उपाशीपोटी, एका वेळच्या जेवणावर सराव केलेली मुलगी. आणि या विश्वचषकाच्या संघात होती आमच्या धाराशिवची अश्विनी शिंदे. कर्णधार प्रियांका इंगळे, मूळची शेजारच्या बीड जिल्ह्यातली. मुलांचा कर्णधार प्रतीक वाईकर पुण्याचा. पुण्यातच डेक्कन जिमखान्यानं शंभरेक वर्षांपूर्वी या खेळाचे नियम बांधले. विटी-दांडू, लगोरी मागं पडले, पण हा खेळ शाळेचं पटांगण सोडून दिल्लीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये मॅटवर गेला, तेवीस देश खेळायला आले, आणि मी पाहणार कुठं? अरबी समुद्रात.

हौदाशेजारी मोठा पडदा होता. त्यावर कुठला तरी जुना क्रिकेट सामना लावलेला होता. त्याचा निकाल सगळ्यांना पाठ, त्यामुळं पाहत कुणीच नव्हतं. मी आमच्या गोवेकर पोराला गाठलं.

"खो-खो? शाळेतला?" तो म्हणाला.

"शाळेतलाच. पण आज विश्वचषकाची फायनल आहे."

त्यानं डोकं खाजवलं. बोटीवर दिसणाऱ्या वाहिन्यांत ती वाहिनी नव्हती. मग कुणाला तरी विचारून त्यानं इंटरनेटवरून सामना लावून दिला आणि बजावलं, "काका, तुटलं तर माका नका सांगू हां." तिथं लोळत पडलेली चार माणसं उठून बसली. नागपूरचे एक निवृत्त दांपत्य होतं, ठाण्याचे तीन तरुण होते, गुजरातचं एक कुटुंब होतं. एका तरुणानं विचारलं, उद्या बंदरात उतरल्यावर निकाल कळेलच की, आत्ताच कशाला? मी म्हणालो, निकाल लागल्यावर दुवा मागता येत नाही.

पण गंमत बघा. इंटरनेटवरून येणारं चित्र घरच्या टीव्हीपेक्षा पाऊण मिनिट मागं असतं. मुलीच्या फोनवर गावाकडून माझ्या पुतण्याचे संदेश येत होते आणि ते पडद्याच्या आधी पोचत होते. पडद्यावर अजून मुलगी धावतेय आणि फोनवर ती नेपाळची खेळाडू बादही झालेली. शेवटी मुलीनं फोन पालथा घालून ठेवला.

पहिल्या पाळीत भारताच्या मुली पाठलागावर होत्या. आमच्या वेळी पाळी नऊ मिनिटांची, इथं सात मिनिटांची, आणि एक गडी बाद केला की दोन गुण. नागपूरच्या काकूंना काही कळेना. "अहो, ती मागं का वळत नाही? ती तिथंच तर आहे!" मी तोंड उघडायच्या आत माझी मुलगी बोलायला लागली. पाठलाग करणारीनं एकदा दिशा धरली की वळायचं नाही, मधली रेघ ओलांडायची नाही, पलीकडं जायचं तर खांबाला वळसा घालायचा. म्हणून खो द्यायचा. जी बसलीय तिचं तोंड पलीकडं असतं, तिला पाठीमागून हात लावायचा आणि आपली जागा तिला नाही, तिची जागा आपण घ्यायची. "ही आता खोटी हूल देईल बघा," ती म्हणाली, आणि पडद्यावरच्या मुलीनं तशीच हूल दिली. ठाण्याची पोरं तिच्याकडं बघायला लागली. मीही.

भारताचे ३४, नेपाळ शून्य. मग नेपाळची पाळी झाली, ३५-२४. संघात दिल्लीची नसरीन शेखही होती. रस्त्यावर भांडी विकणाऱ्या बापाची ही लेक. २०१९ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताची कर्णधार, नंतर अर्जुन पुरस्काराची मानकरी. मी तिचं नाव घेऊन बायकोला ही हकिगत सांगत होतो. सांगता सांगता मी थांबलो, कारण मुलगी ऐकत होती.

ती नववीत असतानाची गोष्ट, २००९ सालची. शाळेच्या संघातून तिची विभागीय स्पर्धेसाठी निवड झाली होती. नांदेडला जायचं, दोन रात्रींचा मुक्काम. शाळेनं पालकांचं संमतिपत्र पाठवलं. मी तिला नाही म्हणालो नाही. मी ते पत्र कपाटात ठेवलं आणि तारीख जाऊ दिली. दहावी तोंडावर आलीय, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. अर्धी चड्डी, दोन रात्री आणि मोहल्ल्यातल्या हॉटेलात चहा पिताना लोक काय म्हणतील ही धास्ती. कुणी काही म्हणालं नव्हतं. म्हणतील हे मीच धरून चाललो होतो. त्याच वर्षी माझा दुसरा कवितासंग्रह निघाला. त्यात मुलींच्या पंखांवर चार कविता आहेत. त्यांचं कौतुक झालं, एका कार्यक्रमात मी त्या वाचूनही दाखवल्या. मुलगी पहिल्या रांगेत बसली होती.

त्या पत्राबद्दल ती कधी बोलली नाही. दुसऱ्या वर्षापासून मैदानावर गेली नाही, एवढंच.

तिसऱ्या पाळीत भारताच्या मुली पुन्हा सुटल्या. ७३-२४. अश्विनी शिंदेचं नाव समालोचकाच्या तोंडी आलं की मी खुर्चीतून अर्धा उठत होतो आणि बायको माझा सदरा ओढून खाली बसवत होती. आणि चौथी पाळी सुरू झाली न झाली तोच पडदा निळा पडला. मधोमध एक गोल फिरत राहिला.

गोवेकर पोरगं दुरूनच हात हलवून मोकळं झालं. लोक हळहळले. त्यांना आता खेळात गोडी लागली होती. नागपूरचे काका म्हणाले, "आता हो? नेपाळ काढेल का एवढे?"

मुलीनं टेबलावरचे आठ चमचे उचलले. ओळीनं ठेवले, एकाचं तोंड इकडं, एकाचं तिकडं. दोन टोकांना मिठाची आणि मिरपुडीची बाटली, ते खांब. बशीतून तीन शेंगदाणे घेतले. "ह्या आपल्या तिघी," ती म्हणाली. "आता घाई नेपाळला आहे, आपल्याला नाही. आपण फक्त पळायचं." आणि तिनं शेंगदाणे चमच्यांमधून फिरवायला सुरुवात केली. साखळी म्हणजे काय, एकेरी कशी, दुहेरी कशी, दमलेल्या मैत्रिणीला श्वास घ्यायला वेळ कसा काढून द्यायचा, खांबाजवळ कधी जायचं नाही. पाठलाग करणारीच्या डोळ्यांकडं बघायचं नाही, डोळे फसवतात, खांद्याकडं बघायचं. तिची बोटं भराभर चालत होती. दोन लहान मुलं टेबलाला हनुवटी टेकून पाहत होती. सोळा वर्षं झाली होती. तिला काहीही विसरायला झालेलं नव्हतं.

चित्र परत आलं तेव्हा सामना संपत आला होता. भारताच्या मुलींची एक तुकडी पाच मिनिटांहून जास्त वेळ बादच झाली नव्हती, त्याचेही गुण मिळाले होते. ७८-४०. दिल्लीत मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या, बोटीवर ठाण्याची पोरं शिट्ट्या मारत होती, आणि पालथा घातलेला फोन टेबलावर थरथरत होता. गाव जागं झालं असणार.

नागपूरच्या काकूंनी मुलीचा हात हातात घेतला. "तू खेळायचीस ना गं?"

"शाळेत," ती म्हणाली. "थोडंसं."

ती चमचे गोळा करत होती. माझ्याकडं पाहिलं नाही तिनं.

"नववीपर्यंत," मी म्हणालो. "पुढं मी खेळू दिलं नाही."

काकूंना काय बोलावं सुचेना. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मुलीनं चमचे पुसून जागच्या जागी ठेवले, मिठाची बाटली तेवढी हातात राहिली होती. ती तिनं थोडा वेळ फिरवली आणि टेबलाच्या टोकाला नेऊन ठेवली, खांबाच्या जागी.

"अब्बा," ती म्हणाली, "आता मुलांची मॅच आहे. चहा सांगा सगळ्यांना."

मी चहा सांगायला उठलो.