गिअरबॉक्स उतरलेला असताना

मोटारीचा क्लच बदलताना सर्वाधिक वेळ जातो तो क्लचपर्यंत पोहोचण्यात. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या पोकळ घरात, म्हणजे बेल हाउसिंगमध्ये, क्लच बसवलेला असतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाडीत तिथवर जायचे तर बॅटरी, स्टार्टर, गिअरच्या केबल, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग सोडवावे लागते. मग जॅकच्या आधाराने गिअरबॉक्स खाली घेतला जातो. हा सारा खटाटोप मजुरीत धरलेला असतो. त्यामुळे याच जागेत दडलेला शेपन्नास रुपयांचा एखादा भाग सहा महिन्यांनी बिघडला, तर त्याच्यासाठी तेवढीच मजुरी पुन्हा मोजावी लागते. म्हणून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा संच बदलताना भोवतालचे भागही त्याच वेळी तपासून घ्यावेत.

यात पहिला मान क्रँकशाफ्टच्या मागच्या ऑइल सीलचा. इंजिनातील ऑइल क्रँकच्या टोकातून बाहेर येऊ नये म्हणून फ्लायव्हीलच्या मागे ही वर्तुळाकार सील असते. तिची कड उष्णतेने कडक झाली की ऑइल झिरपू लागते, फ्लायव्हीलच्या फिरण्याबरोबर चहूकडे उडते आणि क्लच प्लेटच्या अस्तरावर बसते. अशी प्लेट काळी, चकचकीत दिसते. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी पुढे सरकत नाही. या अवस्थेत नुसती प्लेट बदलली तर नवी प्लेटही त्याच वाटेने जाते.

गळती कुठली आहे, हे बेल हाउसिंग उघडल्यावर ओळखता येते. फ्लायव्हीलच्या मागची बाजू ओली असेल तर दोष क्रँकच्या सीलचा. गिअरबॉक्समधून येणाऱ्या इनपुट शाफ्टभोवती ओल असेल तर तिथली सील गेलेली असते. वासही साक्ष देतो: गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र दर्प असतो, इंजिन ऑइलला तो नसतो. गळती दिसली नाही तरी जास्त चाललेल्या गाडीत क्रँकची सील बदलणेच शहाणपणाचे. ती बसवण्याची पद्धत मात्र सीलच्या प्रकारावर ठरते. रबरी कडेच्या सीलला बसवताना ऑइलचे बोट लावतात. टेफ्लॉनची सील कोरडीच बसवायची असते आणि त्यानंतर काही तास इंजिन सुरू करायचे नसते. क्रँकवर जुन्या सीलने चर पाडला असेल, तर नवी सील किंचित पुढे-मागे बसवावी किंवा शाफ्टवर पातळ बाही चढवावी.

सील बदलण्यासाठी फ्लायव्हील काढावेच लागते. तेव्हा त्याचीही तपासणी होते. घसरणाऱ्या क्लचच्या उष्णतेने त्याच्या पृष्ठभागावर निळसर डाग आणि केसासारख्या बारीक भेगा पडतात. डाग आणि खाचा उथळ असतील तर निर्मात्याने सांगितलेल्या किमान जाडीच्या आत न जाता पृष्ठभाग यंत्रावर सपाट करून आणता येतो. भेगा खोल असतील तर फ्लायव्हील बदलावे. अनेक डिझेल गाड्यांत दोन भागांचे, मध्ये स्प्रिंग असलेले ड्युअल मास फ्लायव्हील असते. ते सहसा घासून वापरता येत नाही. त्याचे दोन भाग एकमेकांत किती फिरतात आणि किती डुलतात हे मोजून निर्णय घ्यावा लागतो. ते महाग असते, म्हणून टाळले जाते. पण त्यात खडखडाट असताना नवा क्लच बसवणे ही काटकसर नव्हे. कडेच्या दातेरी रिंगवरही नजर टाकावी. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुधा ठरावीक दोन ठिकाणीच थांबते, त्यामुळे तिथले दाते आधी झिजतात. बऱ्याच गाड्यांत फ्लायव्हीलचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. ते नवे घ्यावेत.

रिलीज बेअरिंग जुने ठेवण्यात काहीच मिळवणे नाही. ते ज्या फोर्कने सरकते, त्याचा टेकू आणि बुश झिजलेले असल्यास तेही बदलावेत. हायड्रॉलिक क्लचच्या काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर बेल हाउसिंगच्या आतच, शाफ्टभोवती असतो. तो गळला की पुन्हा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून तो या वेळीच नवा बसवावा आणि जुने फ्लुइड काढून टाकावे. हे फ्लुइड हवेतील ओलावा शोषून घेते. केबलच्या क्लचमध्ये केबल बाहेरूनही बदलता येते, तरी जुनी, अडखळणारी केबल राहिली तर नव्या क्लचचे पेडलही जडच लागते.

गिअरबॉक्सच्या बाजूला इनपुट शाफ्टची सील आणि ड्राइव्ह शाफ्टच्या दोन सील या स्वस्त वस्तू आहेत. त्या बदलून घ्याव्यात. इनपुट शाफ्ट हाताने फिरवून पाहिला तर बेअरिंगची खरखर कळते. ती नसेल तर गिअरबॉक्स उघडू नये. ड्राइव्ह शाफ्ट काढताना गिअर ऑइल बहुधा निघालेलेच असते, ते गाळून पुन्हा ओतू नये. नवे ऑइल पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचेच हवे: जिथे जीएल-४ सांगितले आहे तिथे जीएल-५ घातल्यास त्यातील गंधकयुक्त रसायने पितळी सिंक्रोनायझर रिंगना अपायकारक ठरू शकतात.

माउंटिंगचे रबर फाटलेले असेल तर क्लच सोडताना इंजिन हिसका खाते आणि दोष नव्या क्लचच्या माथी येतो. ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट चिरले असतील तर तेही आत्ताच बदलावेत. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीपसारख्या गाड्यांत क्रँकच्या टोकातील पायलट बेअरिंग आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस पाहावे लागतात.

टायमिंग बेल्ट, वॉटर पंप यांचा मात्र या कामाशी संबंध नाही. ते गिअरबॉक्स न उतरवता बदलता येतात आणि त्यांची वेळ झाली असेल तेव्हाच बदलावेत.

जोडणीत स्वच्छतेला फार महत्त्व आहे. बेल हाउसिंगमधली धूळ हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या गाड्यांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असे आणि ती धूळ फुप्फुसांना घातक असते. ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी. इनपुट शाफ्टच्या खाचांना ग्रीसचा पातळ हातच पुरे. जास्तीचे ग्रीस उडून प्लेटवरच जाते. प्लेट मध्यावर बसवण्यासाठी संरेखनाचा दांडा वापरावा आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे करून आवळावेत. नव्या क्लचवर पहिले काही शे किलोमीटर जोराने पिकअप घेणे आणि चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवणे टाळावे.

यातील कोणते भाग बदलायचे, हे काम सुरू होण्यापूर्वी गॅरेजकडून लिहून घ्यावे. आणि नवी प्लेट चढण्याआधी गाडीमालकाने एकदा स्वतः जाऊन फ्लायव्हीलच्या मागची जागा कोरडी आहे की ओली, हे पाहून यावे.