बोलिव्हियात काय पाहावे?



परदेशी जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हटकून विचारतात. "काय काय पाहिलंत?" हा पहिला आणि "खाण्याचं कसं काय होतं?" हा दुसरा. मी बोलिव्हियाहून परतलो तेव्हा मलाही ते झाले. आज दुसऱ्याचे उत्तर आधी देतो. पहिल्याला ते पुढे उपयोगी पडेल.

एकादशीला आपण साबुदाण्याची खिचडी खातो. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा आणि हिरवी मिरची हे चारही जिन्नस मूळचे अमेरिका खंडांतले. त्यांतला भुईमूग बोलिव्हियाच्या दक्षिणेस आणि त्याला लागून असलेल्या अर्जेंटिनात उपजला, तर बटाटा टिटिकाका सरोवराच्या आसमंतात माणसाळला, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. बटाटा हा शब्दही आपण पोर्तुगीजांकडून घेतला. ज्यांच्या जिवावर आपला उपवास चालतो, त्यांचा देश मात्र आपल्याला नकाशात शोधावा लागतो!

तर तो शोधू या. ब्राझील, पाराग्वे, अर्जेंटिना, चिली आणि पेरू या पाच देशांच्या मधोमध बोलिव्हिया आहे. १८७९ साली सुरू झालेल्या युद्धात त्याचा समुद्रकिनारा चिलीने घेतला. तरीही या देशाने आपले आरमार मोडलेले नाही. ते टिटिकाका सरोवरात असते. हे ऐकून प्रथम हसू येते, आणि मग येत नाही.

ला पाझ हे सरकारचे ठाणे सुमारे ३,६०० मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. म्हणजे एका कळसूबाईवर दुसरी ठेवली, तरी हे शहर वरच राहते. पहिल्या दिवशी जिना चढताना धाप लागते, डोके ठणकते. मग यजमान कोकाच्या पानांचा काढा पुढे करतात. शहर एका खोल दरीत वसले आहे आणि काठावर एल आल्तो हे दुसरे शहर आहे. २०१४ पासून या दोहोंना तारेवरून चालणारे पाळणे जोडतात. मोलमजुरीला जाणारी माणसे त्यांतूनच ये-जा करतात. पाहुण्यानेही त्यांच्या शेजारी बसून शहर पाहावे.

तेथून पश्चिमेस टिटिकाका लागते. सरोवर ३,८०० मीटर उंचीवर, आणि पाणी असे निळे की आभाळ फिके वाटावे. वाटेत तिवानाकूचे अवशेष आहेत. इंका राजांच्याही कित्येक शतके आधी येथे एक समृद्ध नगर नांदत होते. एकाच शिळेतून कोरलेले 'सूर्यद्वार' आज तडा गेलेल्या अवस्थेत उभे आहे. शेजारच्या गावातले चर्च याच अवशेषांचे दगड नेऊन बांधलेले आहे. या पठारावरचे शेतकरी थंडीच्या रात्री बटाटे उघड्यावर गोठू देतात, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. हे वाळवण वर्षानुवर्षे टिकते. आपल्या घरी उन्हाळ्यात गच्चीवर जे चालते, त्याचीच ही हिवाळी आवृत्ती म्हणा.

आता पोतोसीकडे येतो, आणि येथे मला जरा थांबावयाचे आहे.

शहर ४,००० मीटरच्या वर, आणि त्याच्या माथ्यावर सेरो रिको, म्हणजे 'श्रीमंत डोंगर'. १५४५ साली या डोंगरात चांदी सापडली. पुढच्या शतकात पोतोसी हे जगातल्या मोठ्या शहरांपैकी एक झाले. स्पॅनिश सरकारने वेठबिगारीचा कायदा केला. ठरावीक प्रांतांतील प्रौढ पुरुषांपैकी दरवर्षी सातातला एक याप्रमाणे सुमारे १३,००० माणसे या डोंगराकडे धाडली जात. हा प्रकार १८१२ साली कायद्याने बंद झाला. तेथली जुनी टांकसाळ आज संग्रहालय आहे. खेचरे जुंपून चांदीचे पत्रे लाटणारी लाकडी यंत्रे तीत अजून उभी आहेत. ती चांदी युरोपात गेली आणि व्यापारामार्गे सुरतेसही आली. मोगलांच्या टांकसाळीत स्पॅनिश नाणी वितळवून रुपये पाडीत. शिवाजीमहाराजांनी १६६४ साली जी सुरत लुटली, तिच्या श्रीमंतीत अमेरिकेच्या चांदीचा भाग होता. इतका लांबचा हा डोंगर आपल्या इतिहासात असा डोकावून जातो!

आज चांदी थोडी उरली आहे. जस्त, शिसे, कथील निघते. खाणकामगारांच्या सहकारी संस्था अजून आत खोदतात. डोंगर इतका पोखरला आहे की त्याचा माथा खचू लागला आहे, आणि २०१४ साली पोतोसीचे नाव धोक्यातील जागतिक वारशांच्या यादीत गेले. प्रवाशांना या खाणीत नेतात. रिवाज असा की बाजारातून कोकाची पाने घ्यावीत आणि आत कामगारांना द्यावीत.

मीही गेलो. वाकून चालत होतो, धुळीने घसा धरला होता. आत एका कोनाड्यात शिंगे असलेली मातीची मूर्ती दिसली. भूमीखालचा हा मालक. त्याला 'टिओ', म्हणजे काका, म्हणतात. कामगार त्याच्यापुढे पाने आणि सिगारेट ठेवतात. वर चर्चमध्ये देव, आणि खाली काका! तेथे बसलेल्या एका कामगाराने वाटाड्यामार्फत मला विचारले, "तुमच्या देशात खाणी आहेत का?" मी म्हटले, "पुष्कळ आहेत." "त्या पाहायला जाता का?"

श्रोतेहो, चंद्रपूर-बल्लारपूरच्या कोळशावर आपल्या घरचे दिवे लागतात. मी त्या खाणीत कधी उतरलो नव्हतो. उतरावे असे मनातही आले नव्हते. मी उत्तर दिले नाही. पाने त्याच्या हातात ठेवली आणि बाहेर आलो.

म्हणून खाणीत जावे की न जावे, या प्रश्नावर माझे मत असे : दुसऱ्याचे कष्ट तमाशा म्हणून पाहावयाचे असतील तर बाहेरूनच परतावे. आपल्याला प्रश्न विचारू देण्याची तयारी असेल तर जावे.

यानंतर उयुनीचे मिठाचे मैदान पाहावे. विस्तार १०,००० चौरस किलोमीटरांहून अधिक, म्हणजे जवळजवळ आपल्या सातारा जिल्ह्याएवढा. पावसाळ्यात, जानेवारीपासून मार्चपर्यंत, त्यावर पाण्याचा पातळ थर साचतो आणि सारे आकाश खाली उतरते. ढगांवरून चालल्याचा भास होतो. या मिठाखालच्या खाऱ्या पाण्यात लिथियम आहे आणि त्याचा साठा जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक गणला जातो. आपल्या खिशातल्या फोनची बॅटरी याच धातूवर चालते. पोतोसीच्या डोंगराला जे झाले तेच या मैदानाचे होणार का, हा प्रश्न त्या देशापुढे आज उभा आहे. तो काही अंशी आपल्यापुढेही आहे, कारण गिऱ्हाईक आपणच आहोत.

या भूमीने जगाला दोन प्रकारची संपत्ती दिली. चांदी खणून नेली. डोंगर पोकळ झाला आणि नेणाऱ्यांचे साम्राज्यही राहिले नाही. बटाटा आणि भुईमूग पेरले गेले. ते जगभर वाढले आणि मूळच्या शेतात काही उणे पडले नाही. बोलिव्हियात काय पाहावे, असे मला कोणी विचारले तर मी सांगतो : पोकळ झालेला डोंगर पाहा, आणि त्याच पठारावर उन्हात पसरलेले बटाटे पाहा. दोन्ही एकाच प्रवासात पाहा.

तिकडे जाणे आपणा सर्वांना जमेल असे नाही. चंद्रपूर मात्र जवळ आहे. आणि पुढच्या एकादशीला खिचडीचा पहिला घास घेताना त्या दूरच्या शेतकऱ्यांची आठवण झाली, तरी माझे आजचे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.