वाफेची सिगारेट आणि ग्राहकांचे वकील
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील व्याख्यान)



अमेरिकेतील वकिलांचा आणि आपल्या दोन खोल्यांच्या शाळेचा संबंध काय, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. प्रथम माझ्याही मनात तोच आला होता. परंतु त्या खटल्यांतील वादींची यादी पाहिली आणि माझे मत पालटले. वादींमध्ये शाळा होत्या.

हकीकत सॅन फ्रान्सिस्कोची आहे. २०१५ साली तेथे 'जूल' नावाचे एक उपकरण विक्रीस आले. दिसावयास ते संगणकाच्या पेन ड्राइव्हसारखे, मुठीत सहज मावणारे. त्याला जाळ नाही, राख नाही, विडीसारखा दर्पही नाही. आतील द्रवात मात्र तंबाखूतील निकोटिनच असते; आम्लाच्या मिश्रणामुळे त्याची वाफ घशाला कमी खवखवते एवढेच. पाच टक्के निकोटिनच्या एका कुपीत सिगारेटच्या एका पाकिटाइतके निकोटिन असते, असे खुद्द कंपनीच सांगत असे. आणि चवी कोणत्या? आंबा, पुदिना, फळे! विडीचा पहिला झुरका पोराला ठसका आणून सावध तरी करतो; येथे तेवढीही राखण उरली नाही. २०१८ सालच्या एका पाहणीत १५ ते २४ वर्षे वयाच्या जूल वापरणाऱ्यांपैकी ६३ टक्क्यांना त्यात नेहमीच निकोटिन असते हे ठाऊक नव्हते. पुढील वर्षी, २०१९ साली, अमेरिकन हायस्कुलांतील २७.५ टक्के विद्यार्थ्यांनी मागील तीस दिवसांत कोणती ना कोणती इलेक्ट्रॉनिक सिगारेट ओढल्याचे सांगितले.

याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकन संसदेच्या एका उपसमितीपुढे न्यूयॉर्कच्या दोन विद्यार्थ्यांची साक्ष झाली. तिचा आपण शिक्षकांनी विशेष विचार करावा. व्यसनमुक्तीच्या नावाखाली भरविलेल्या एका कार्यक्रमासाठी कंपनीचा प्रतिनिधी त्यांच्या शाळेत आला. शिक्षक वर्गाबाहेर गेले. आणि मग त्याने हे उपकरण अगदी निर्धोक असल्याचे मुलांना सांगितले, असे त्या साक्षीत आले. मुलांना व्यसनापासून परावृत्त करणे हाच आपल्या शालेय कार्यक्रमाचा हेतू होता आणि तो २०१८ मध्येच बंद केला, असे कंपनीचे म्हणणे होते. हेतू काहीही असो. शिक्षकाने वर्ग सोडून जावे, ही अट मला तरी विलक्षण वाटते.

ऑक्टोबर २०१९ मध्ये देशभरातील संघीय न्यायालयांतले दावे कॅलिफोर्नियातील न्यायाधीश विल्यम ऑरिक यांच्यापुढे एकत्र करण्यात आले. हजारो वादींचे काम एकसूत्रीपणे चालावे म्हणून न्यायालयाने चार वकिलांची प्रमुख म्हणून निवड केली. सारा लंडन, डीना शार्प, एलेन रेल्किन आणि डीन कावामोटो ही त्यांची नावे. चौघांत तीन स्त्रिया आहेत, हेही जाता जाता नमूद करतो.

यांच्या कामाची खुबी दावा कसा मांडला यात आहे. 'या वस्तूमुळे मला रोग झाला' हे एकेका माणसापुरते सिद्ध करणे कठीण आणि वेळखाऊ असते. ग्राहकांच्या समूहदाव्यात प्रश्न निराळा होता: वस्तूविषयी खरे सांगितले असते, तर लोकांनी तिला एवढी किंमत मोजली असती काय? म्हणजे येथे दुखण्याचा नव्हे, खोट्या मालाला दिलेल्या पैशाचा हिशेब मागितला गेला. शाळांनी तिसरीच वाट धरली. मुलांना या वस्तूचे व्यसन लावणे हा सार्वजनिक उपद्रव असून त्याच्या निवारणाचा भार आमच्यावर पडला, असे त्यांचे म्हणणे होते. स्वच्छतागृहांत वाफ ओळखणारी यंत्रे बसवावी लागली, समुपदेशक नेमावे लागले, शिकविण्याचे तास पहाऱ्यात गेले. हे नुसते सांगून भागत नाही. न्यायालयात ते खर्चाच्या नोंदींनिशी दाखवावे लागते.

न्यायाधीशांनी २०२२ च्या जूनमध्ये ग्राहकांच्या समूहाला मान्यता दिली. डिसेंबरमध्ये कंपनीने पाच हजारांवर दाव्यांत तडजोड केल्याचे जाहीर झाले. त्यांपैकी ग्राहकांच्या समूहदाव्यापोटी साडेपंचवीस कोटी डॉलर ठरले. २०१८ साली १२८० कोटी डॉलर मोजून जूलचा ३५ टक्के हिस्सा घेणारी अल्ट्रिया ही सिगारेट कंपनी मात्र अडून राहिली. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांचा तिच्याविरुद्धचा खटला एप्रिल २०२३ मध्ये ज्यूरीपुढे उभा राहिला आणि निकालापूर्वीच, मे महिन्यात, तिनेही साडेतेवीस कोटी डॉलरची तडजोड केली. राज्य सरकारांचे दावे याहून निराळे.

यावरून वकिलांनी लढाई पूर्ण जिंकली, असे मी म्हणणार नाही. तडजोडीत दोषाची कबुली नसते. वकिलांची फीही त्याच रकमेतून जाते. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जूलच्या तंबाखू व मेन्थॉल या चवींना प्रौढांसाठी विक्रीची परवानगीही दिली. मात्र आंब्याची कुपी तीत नाही. हायस्कुलांतील प्रमाण २०२४ च्या पाहणीत ७.८ टक्क्यांवर आले होते. त्याचे श्रेय एकट्या न्यायालयाला देणे बरोबर होणार नाही. कायदे, कर आणि पालक यांचाही त्यात वाटा आहे.

आपल्याकडे वाट वेगळी आहे. २०१९ च्या कायद्याने भारतात इलेक्ट्रॉनिक सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात यांवर पूर्ण बंदी आहे. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत कोणताही तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाही, ही तरतूद तर २००३ ची. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्येही समान तक्रार असलेल्या अनेकांच्या वतीने एका ग्राहकाला आयोगाच्या परवानगीने दाद मागता येते. मशेरीची डबी आपणास ओळखता येते. पेनासारखी ही नळी अद्याप येत नाही, एवढाच फरक.

मागील संमेलनात एका गुरुजींनी सांगितले की, सातवीतील एका मुलाच्या कंपासपेटीत त्यांना अशी नळी सापडली. त्यांनी मुलाला मारले नाही. पालकांना बोलावले, आणि शाळेच्या नोंदवहीत मुलाचे नाव न घालता तारीख, वस्तूचे वर्णन आणि ती कोणत्या गावच्या बाजारातून आणली, एवढे लिहून ठेवले. ते पान त्यांनी आज बरोबर आणले आहे. व्याख्यानानंतर ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी पाहावे.