बारावीनंतर कायदा : धाकट्या बहिणीकडून शिकलेलं

(नाशिक येथे दहावी-बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या गुणगौरव कार्यक्रमात केलेले भाषण)



संयोजकांनी मला इंजिनिअरिंगमधल्या संधींवर बोलायला सांगितलं होतं. मी विनंती करून विषय बदलून घेतला. इंजिनिअरिंगबद्दल सांगायला आपल्याकडे माणसं कमी नाहीत. दूध बाजारापासून वडाळ्यापर्यंत कुठल्याही गल्लीत विचारा, सल्ला देणारा एखादा इंजिनिअर भेटेलच. मीही त्यातलाच. आज मी बोलणार आहे ते बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या बी.ए. एलएल.बी. या अभ्यासक्रमाबद्दल. मी तो केलेला नाही. माझी धाकटी बहीण करते आहे, चौथ्या वर्षाला आहे. आणि तिला या वाटेवर जाण्यापासून सगळ्यात जास्त कोणी अडवलं असेल तर ते मी.

बारावीत तिला विज्ञान शाखेत बरे गुण होते. तिने सांगितलं, मला कायदा शिकायचा आहे आणि त्याबरोबर इतिहास, राज्यशास्त्र वाचायचं आहे. मी हसलो. म्हणालो, "आर्ट्स काय, ज्यांना कुठे प्रवेश मिळत नाही ते करतात. आणि वकील म्हणजे खोटं बोलायचा धंदा." मीच तिचा इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला, क्लास लावला. तिचं एक वर्ष गेलं. ते वर्ष माझ्या खात्यावर आहे. पुढच्या वर्षी तिने मला न विचारता कायद्याच्या सीईटीचा अर्ज भरला आणि नाशिकमध्येच प्रवेश घेतला. मी काही दिवस तिच्याशी नीट बोललोही नाही.

आता मूळ गोष्ट सांगतो. २०१९ मध्ये आमचे अब्बा गेले. जुन्या नाशकात त्यांच्या नावावर एक घर. मागे अम्मी, मी, मालेगावला दिलेली मोठी बहीण म्हणजे आपा, आणि ही धाकटी. घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, आपाकडून हक्कसोडपत्र करून घे, पुढे कटकट नको. आपा आली, दुय्यम निबंधक कार्यालयात तिने सह्या केल्या, अंगठा दिला, फोटो काढला. संध्याकाळी तिच्या आवडीची बिर्याणी केली आणि दुसऱ्या दिवशी तिला एसटीत बसवून दिलं. धाकटी तेव्हा अठराची नव्हती, म्हणून तिचं नाव मिळकत पत्रिकेवर राहिलं. तिचं नंतर बघू, असं ठरलं.

ते 'नंतर' आलं तेव्हा ती कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होती. मी तयार करून आणलेला कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो दोनदा वाचला. मग विचारलं, "भाई, आपाने तिचा कागद वाचला होता का?"

मला उत्तर देता आलं नाही. आपाने वाचला नव्हता. तिला कोणी वाचूनही दाखवला नव्हता. मी तिथेच उभा होतो.

मग धाकटीने वहीचं एक पान घेतलं आणि हिशोब मांडला. मुस्लिम वारसा कायद्यानुसार, मुलंबाळं असतील तर बायकोला आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला दोन भाग, तर प्रत्येक मुलीला एक. म्हणजे घराचे बत्तीस भाग धरले, तर अम्मीचे ४, माझे १४, दोघी बहिणींचे प्रत्येकी ७. आपाचे ७ मी आधीच घेतले होते, माझे झाले २१. धाकटीने सही केली असती तर बत्तीसपैकी २८. ती म्हणाली, "भावाच्या निम्मा हिस्सा बहिणीला का, हा मोठा प्रश्न आहे, त्यावर आमच्या वर्गात वाद होतात. पण आपल्या घरात तर तो निम्माही मिळत नाहीये. आणि हे सगळं आपण शरियतवर श्रद्धा असलेली माणसं म्हणून करतोय."

मी दिवसभर कोडमधल्या चुका शोधणारा माणूस. माझ्या स्वतःच्या घरातला हा हिशोब मला कधी मांडावासा वाटला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, एवढं तर कुठलाही वकील सांगेल. बरोबर आहे. पण पुढचं ऐका, कारण मानव्यविद्येचा प्रश्न तिथेच येतो. मी तिला म्हटलं, "आपाने स्वखुशीने दिलं. विचार तिला." धाकटीने समाजशास्त्रात जे वाचलं होतं ते मला सांगितलं. बहीण सही का करते? कारण उद्या सासरी काही झालं तर परत यायला माहेरचं दार उघडं राहायला हवं. हिस्सा मागितला तर ते दार बंद होईल, ही भीती. हक्कसोडपत्राची ही रीत फक्त आपली नाही. शेजारच्या मराठा, माळी, मारवाडी घरांतही बहिणी अशाच सह्या करतात. धर्म वेगळे, वारसा कायदे वेगळे, पण सही तीच. मग हा प्रश्न केवळ कलमाचा कसा असेल? बहिणीचा वाटा किती, हे कायद्याचं पुस्तक सांगतं. तो तिच्या हातात का पडत नाही, हे समाजशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र सांगतं. हे दोन्ही एकत्र शिकलेला वकील आपल्याला हवा आहे. माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे.

आणखी एक उदाहरण देतो. १९३७ च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. कलम वाचलं की वगळली हे कळतं. का वगळली, हे कळायला इतिहास लागतो. १९३५ च्या भारत सरकार कायद्यानुसार शेतजमीन हा प्रांतांचा विषय होता, आणि जमीनदारांचं वजनही मोठं होतं. म्हणजे ज्याला आपण अपरिवर्तनीय समजतो, त्या कायद्यालाही तारीख आहे, राजकारण आहे, तडजोडी आहेत. हे समजलेला माणूस धर्माच्या नावाने घाबरवला जात नाही आणि घाबरवतही नाही.

आपल्या भागात याची परंपराही आहे. आपल्या जिल्ह्यातल्या येवल्याला १९३५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. त्या वेळी ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बॅरिस्टर होण्याआधी त्यांनी अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास यांचा अभ्यास केला होता. पुढे १९३८ मध्ये त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले असफ फैजी, माथेरानला जन्मलेले. मुस्लिम कायद्यावरचं त्यांचं पुस्तक १९४९ मध्ये आलं आणि विद्यार्थी ते आजही वाचतात. माझ्या बहिणीच्या टेबलावर आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला ऑक्सफर्डला इतिहास शिकले होते. ही माणसं आर्ट्सला प्रवेश मिळतो म्हणून तिकडे गेली नव्हती.

आता व्यवहाराचं बोलू, कारण पालक त्यासाठीच बसले आहेत.

बारावी कुठल्याही शाखेतून झालेली चालते. खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के, ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. तांबोळी, पिंजारी, अत्तार अशा आपल्या अनेक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत, पण दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला आजच शोधायला घ्या, प्रवेशाच्या आठवड्यात तो सापडत नाही.

राज्याची कायद्याची सीईटी मराठी आणि इंग्रजी दोन्हीत असते, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही वेगळी परीक्षा आहे, ती इंग्रजीतून होते. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत. पण तिथे नंबर लागला नाही म्हणून वाट बंद होत नाही. नाशिकमध्ये राहून, घरून डबा नेऊन हा अभ्यास करता येतो. पहिल्या वर्षांत राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इंग्रजी यांच्यासोबत करार कायद्यासारखे विषय सुरू होतात, पुढे संविधान, कौटुंबिक कायदा, फौजदारी, मालमत्ता. एकूण दहा सत्रं, आणि बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे किमान वीस आठवड्यांची इंटर्नशिप. पदवीनंतर तीन वर्षांचा एलएल.बी. करायचीही सोय आहे, पण त्याला एकूण सहा वर्षं लागतात.

अडचणीही सांगतो. इंग्रजी जड जातं. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलामुलींना तर फारच. माझी बहीण पहिली दोन सत्रं शब्दकोश घेऊन बसायची. अभ्यास मध्येच बदलतो. तिने भारतीय दंड संहिता पाठ केली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. ती म्हणाली, "तुमच्याकडे सॉफ्टवेअर अपडेट होतं तसंच." वकिलीत सुरुवातीला पैसे कमी मिळतात. न्यायाधीश व्हायचं असेल तर मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आधी तीन वर्षं वकिली करावी लागते. त्यामुळे घरच्यांना धीर धरावा लागेल. एक दिलासा आहे. सनद घेताना राज्य बार कौन्सिलला ७५० रुपयांपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आणि गरज केवढी आहे ते बघा. महिलेला, तिचं उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा न्यायालयात त्याचं कार्यालय आहे. आपल्या किती आयाबहिणींना हे माहीत आहे? तलाक तोंडी सांगून भागत नाही, तो सबळ कारणासह आणि समेटाच्या प्रयत्नांसह न्यायालयात सिद्ध करावा लागतो, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातल्या पूर्णपीठाने २००२ मध्येच म्हटलं होतं. लातूरच्या पठाण कुटुंबाच्या खटल्यात. देशभर चर्चा झालेला तिहेरी तलाकचा निकाल त्यानंतर पंधरा वर्षांनी आला. मधल्या काळात हा निकाल आपल्या मोहल्ल्यांत कोणी समजावून सांगितला? सांगायला माणूसच नव्हता. आपण सगळी हुशार मुलं माझ्यासारखी पुण्या-बंगळुरूला कोड लिहायला पाठवली.

शेवटी घराचं काय झालं ते सांगतो. धाकटीने सही केली नाही, आणि मी पुन्हा मागितलीही नाही. आपाचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र नुसतं फाडून रद्द होत नाही. म्हणून तिचे सात भाग मी तिला बक्षीसपत्राने परत करतो आहे. मसुदा धाकटीने लिहिला, एका ज्येष्ठ वकिलांनी तपासला. मुद्रांक शुल्क माझ्या पगारातून. गेल्या महिन्यात आम्ही मालेगावला जाऊन तो आपाला ओळ न् ओळ वाचून दाखवला. आपा बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे त्या दिवशी वाचून दाखवलं असतं, तरी मी सही केली असती रे. पण वाचून दाखवायला हवं होतं."

पालकांनो, तुमच्या घरात एखादी मुलगी किंवा मुलगा म्हणत असेल की मला कायदा आणि इतिहास शिकायचा आहे, तर माझ्यासारखं हसू नका. तिला अर्ज भरू द्या. उद्या कदाचित तुमच्याच घरातला एखादा कागद ती पहिल्यांदा नीट वाचेल.

जय हिंद, जय संविधान.