सहार ते सांताक्रूझ, व्हाया पाऊस

मी अंधेरी पूर्वेला राहतो. विमानं आमच्या गच्चीवरून इतकी खालून जातात, की कविता वाचताना मध्येच थांबावं लागतं. त्याची सवय झाली. पण घरातलं कुणी विमान बदलून पुढे जाणार म्हटलं, की अजून माझ्या पोटात गोळा येतो.

जुलै १९९८. औरंगाबादला (शहराचं तेव्हाचं नाव हेच) अब्बा रात्री गेले. धाकटा भाऊ दुबईत. तो पहाटे सहारला उतरणार, मी त्याला तिथं गाठणार आणि सांताक्रूझहून सकाळच्या विमानानं दोघं निघणार, असं ठरलं. परदेशची विमानं सहारला, देशातली सांताक्रूझला. धावपट्ट्या त्याच, रस्ता जेमतेम चार-पाच किलोमीटरचा. हाताशी अडीच तास होते.

इमिग्रेशन आणि सामान यांत दीड तास गेला. बाहेर धो धो पाऊस. हायवेवर टॅक्सी उभी ती उभीच. आम्ही काउंटरवर पोचलो तेव्हा ते बंद झालं होतं. भाऊ म्हणाला, ‘‘भाई, दुबईहून इथं तीन तासांत आलो आणि पार्ल्यात अडकलो.’’ एसटीडी बूथवरून चाचांना फोन केला. मय्यत फार वेळ ठेवता येत नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही. टॅक्सीनं नाशिकमार्गे रात्री पोचलो. जोहरच्या नमाजनंतर दफन झालं होतं.

मुंबईत दोन विमानतळांचा घोळ तसा जुनाच. जुहूचा तळ १९२८चा. जे. आर. डी. टाटा १९३२ साली कराचीहून टपाल घेऊन उतरले ते तिथंच. पावसाळ्यात तिथं पाणी साचायचं, म्हणून टपालसेवा पुण्याला न्यावी लागे. पुढे सप्टेंबर १९७२मध्ये जपान एअरलाइन्सचं मोठं जेट सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं! सुदैवानं कुणी दगावलं नाही. दोन्ही धावपट्ट्यांत अंतर उणंपुरं तीन किलोमीटर.

आता घोळ लांबचा झाला आहे. डिसेंबर २०२५पासून उलव्याच्या नवी मुंबई विमानतळावरून विमानं सुटू लागली. सहारहून रस्त्यानं ते पस्तीस-चाळीस किलोमीटर. चेंबूर, मानखुर्द, वाशीचा खाडीपूल, बेलापूर. पहाटे तासाभरात जाल, संध्याकाळी दोन तास धरा. पावसाळ्यात किती, ते मला विचारू नका. तिकिटावर नुसतं ‘मुंबई’ वाचून निघू नका. ‘बीओएम’ म्हणजे आपलं सहार-सांताक्रूझ, ‘एनएमआय’ म्हणजे उलवे. गोव्यातही दाबोळी आणि मोपा असे दोन तळ आहेत, तिथंही हीच खबरदारी. आणि दोन तिकिटं वेगवेगळी काढलेली असली, तर पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरी कंपनी सहसा पैसे परत देत नाही.

परवा पुतणीचा दुबईहून फोन आला. हैदराबादला लग्न आहे. सहारला उतरून साडेतीन तासांनी उलव्याहून पुढचं विमान, तिकीट स्वस्त मिळत होतं. ‘‘बडे अब्बा, मोबाइल दीड तासाचा रस्ता दाखवतोय,’’ ती म्हणाली. मी म्हटलं, फोन तुझ्या अब्बांकडे दे.

तो काही बोलला नाही. संध्याकाळी तिचा मेसेज आला, दुबई-हैदराबाद थेट विमानाचं तिकीट काढलं.