माती राखण्याचं भाडं



शेतात पीक घेऊ नका,
त्याचे पैसे सरकार देईल.
अमेरिकेत 1985 पासून अशी योजना चालू आहे.

त्यामागे मोठं दुःख आहे.
1930 च्या दशकात ओक्लाहोमा, कॅन्सस, कोलोरॅडो या भागांत दुष्काळ पडला.
गवताळ माळ नांगरून तिथे गहू पेरला होता.
पीक करपलं.
माती उघडी पडली,
आणि वाऱ्याबरोबर उडून गेली.
भरदिवसा अंधार व्हायचा.
खिडक्यांवर ओल्या चादरी टांगून माणसं घरात बसायची.

आता या योजनेत शेतकरी धुपणाऱ्या जमिनीत नांगर थांबवतो.
गवत लावतो, झाडं लावतो.
सरकार दरवर्षी भाडं देतं.
करार 10 ते 15 वर्षांचा असतो.
मधेच मोडला,
तर घेतलेले पैसे व्याजासह परत करावे लागतात.

नीट ऐका.
हे पैसे पिकाचे नाहीत.
माती जागेवर राखण्याचे आहेत.

एक अट मला फार शहाणपणाची वाटते.
काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग.
तिथली पाव हिश्शाहून जास्त शेतजमीन सहसा या योजनेत घेत नाहीत.
सगळ्यांनीच नांगर ठेवला,
तर बियाण्याचं दुकान कसं चालणार?
मजुराला काम कोण देणार?

भाडं ठरतं ते जमिनीचा कस आणि तिथला खंडाचा दर पाहून.
2007 नंतर धान्याचे भाव चढले.
करार संपताच अनेकांनी गवत मोडून पुन्हा पेरणी केली.
माती राखायची,
तर भाडंही शेतकऱ्याला परवडलं पाहिजे.