दुसरा सरडा आणण्यापूर्वी

सरडा म्हटला की आपल्याला कुंपण आठवते, किंवा वेळेनुसार रंग बदलणारी माणसे. असा प्राणी कुणी हौसेने घरात ठेवील आणि सकाळी त्याला भोपळ्याचा कीस भरवील, हे आपल्याकडे अजून विचित्रच वाटते. मी ऑस्ट्रेलियात, मेलबर्नला, जनावरांची डॉक्टर म्हणून काम करते. तिथे आमच्या दवाखान्यात कुत्र्या-मांजरांच्या रांगेत एखादा 'बिअर्डेड ड्रॅगन' मालकाच्या खांद्यावर बसलेला असतो. आपल्या बागेतल्या सरड्याच्याच कुळातला हा प्राणी. शेपटीसकट दीड-दोन फूट लांब. गळ्याखाली काटेरी कातडी असते, ती रागावला की फुगून काळी पडते, म्हणून हा दाढीवाला. मूळचा मध्य ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत मुलखातला. तिथला देशी वन्यप्राणी असल्यामुळे बहुतेक राज्यांत तो पाळायला परवाना लागतो, आणि रानातून धरून आणायला मनाई आहे.

आज मला बोलायचे आहे ते दुसऱ्या सरड्याविषयी. पहिला सरडा आणणारा माणूस घाबरलेला असतो. तो पुस्तक वाचतो, दहा जणांना विचारतो. दुसरा आणणारा कुणालाच काही विचारत नाही. नीट सांभाळलेला सरडा दहा-बारा वर्षे जगतो. 2010 मध्ये आणलेला 2021 मध्ये गेला असे समजा. घर हळहळते, काचेची पेटी गॅरेजमध्ये जाते. चार वर्षांनी धाकटी मुलगी हट्ट धरते आणि पेटी पुन्हा खाली उतरते. तिच्याबरोबर 2010 सालची माहितीही खाली उतरते, आणि तिच्यावर बसलेली धूळ कुणाला दिसत नाही.

गेल्या वर्षी असेच एक कुटुंब माझ्याकडे आले. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, आम्हाला हे नवीन नाही हो. आधीचा अकरा वर्षं होता आमच्याकडे." डब्यात चार महिन्यांचे पिल्लू. पायाची बोटे थरथरत होती आणि खालचा जबडा बोटाने दाबला तर रबरासारखा वाकत होता. हाडांतले कॅल्शियम संपत आले की असे होते. खाण्यात कसर नव्हती, वरून कॅल्शियमची पूडही भुरभुरवत होते. मी दिव्याचे विचारले. दिवा जुनाच होता, अगदी छान लागत होता.

खरी मेख तिथेच आहे. या प्राण्याला अन्नातले कॅल्शियम अंगी लागायला 'ड' जीवनसत्त्व हवे, आणि ते त्याच्या कातडीत अतिनील किरणांतल्या 'यूव्हीबी' या भागामुळे तयार होते. रानात सूर्य ते फुकट देतो. घरात खास नळी लावावी लागते. ही नळी वापरून वापरून म्हातारी होते तेव्हा तिचा उजेड तसाच राहतो, पण यूव्हीबी आटत जाते. आपल्या डोळ्याला फरक कळत नाही. पेटी खिडकीशी ठेवली की झाले, असेही पुष्कळांना वाटते. पण खिडकीची काच ही किरणे जवळजवळ सगळी अडवते. पेटीच्या झाकणाची बारीक जाळीसुद्धा बराच वाटा खाते.

पूर्वी सल्ला ढोबळ असे: अमुक टक्क्यांचा दिवा घ्या आणि वर्षाने बदला. 2010 मध्ये अमेरिकेतल्या फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रानातले सरपटणारे प्राणी प्रत्यक्षात किती अतिनील किरण घेतात हे मोजून त्यांचे चार गट पाडले. 2016 मध्ये बेन्स आणि इतरांनी त्यावरून कितीतरी जातींची यादी केली. दाढीवाला सरडा तिसऱ्या गटात, म्हणजे भरपूर ऊन खाणाऱ्यांत, येतो. तो ऊन खात बसतो त्या जागी अतिनील निर्देशांक तीनच्या वर असावा आणि पेटीच्या दुसऱ्या टोकाला सावली असावी, म्हणजे त्याला हवे तसे सरकता येईल. हा आकडा मोजायचे यंत्र हातात मावते. लहान वळणदार बल्बांऐवजी आता पेटीच्या अर्ध्याहून अधिक लांबीची 'टी-फाइव्ह' नळी सुचवतात ती यासाठीच. उन्हाच्या जागी दगडाचे तापमान चाळीस अंशांच्या आसपास आणि थंड टोकाला पंचवीसच्या जवळपास हवे. काचेला चिकटवायच्या तबकडीच्या तापमापीवर मात्र माझा काडीचा विश्वास नाही.

रात्रीचे तर आणखी मनोरंजक आहे. सरड्याला लाल उजेड दिसत नाही अशा समजुतीने ऊबेसाठी रात्रभर लाल दिवा लावण्याची पद्धत होती. त्याला तो चांगला दिसतो. 2016 मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या मॅक्स प्लँक मेंदू-संशोधन संस्थेत याच सरड्याच्या झोपेची नोंद घेतली गेली. आपल्यासारखीच त्याची झोप गाढ आणि डोळे हलवणारी अशी आलटून पालटून चालते. फक्त एक फेरा साधारण ऐंशी सेकंदांत संपतो. असे शेकडो फेरे तो एका रात्रीत घेतो. त्याला काळोख द्यावा. रात्री पारा वीसपर्यंत उतरला तरी निरोगी मोठ्या सरड्याला चालते. त्याच्या वाळवंटातही रात्री गारठा असतोच.

खाण्याचे थोडक्यात सांगते. पिल्लाला किडे अधिक, मोठ्याला पाला अधिक. मोठ्या सरड्याला रोज किडे घालून लठ्ठ करणारे प्रेमळ मालक मी पुष्कळ पाहते. आपल्या मराठी घरांत हाताशी पालक असतो. त्यातले ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून तो रोज नको. आव्होकाडो कधीच नको. एका पेटीत दोन सरडे ठेवू नयेत. एक दुसऱ्याच्या पाठीवर बसला की लोक कौतुकाने फोटो काढतात. तो बहुधा खालच्याच्या वाट्याचे ऊन बळकावत असतो.

जुन्या पेटीबद्दल एक सांगायलाच हवे. पहिला सरडा म्हातारपणाने गेला असे वाटले, तरी पेटी जंतुनाशकाने धुवावी आणि त्यातली लाकडे टाकून द्यावीत. नवा आणला की आठवड्याभरात विष्ठा तपासून घ्यावी. या प्राण्यांत एक ॲडेनोव्हायरस फिरतो, त्यावर औषध नाही. शिवाय अंगाने धडधाकट सरड्याच्या विष्ठेतही साल्मोनेला असू शकतो. अमेरिकेत 2014 मध्ये याच सरड्यांमुळे अनेक राज्यांत माणसे आजारी पडली होती. पाच वर्षांखालची मुले असतील त्या घरात सरडा नको, असे तिथले आरोग्य खाते सांगते. आमच्याकडे नातवंडांना भेटायला सहा महिन्यांसाठी आजी-आजोबा येतात. त्यांनाही जपायला हवे. सरड्याची भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नयेत, ही एक गोष्ट मी हटकून सांगते.

एवढा खटाटोप एका सरड्यासाठी, असे कुणी म्हणेल. इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठात 2015 मध्ये एका दाढीवाल्या सरड्याला डोक्याने छोटे सरकते दार उघडायला शिकवले. ते पाहिलेल्या सरड्यांनी तसेच उघडून दाखवले. ज्यांनी पाहिले नव्हते त्यांना ते जमले नाही. पाहून शिकतो असा हा प्राणी. पण दुखले तर तो ओरडत नाही. जबडा मऊ झाल्यावरच कळते, आणि वाकलेली हाडे मग सगळी सरळ होत नाहीत.

ते पिल्लू वाचले. उपचारांना पाच महिने लागले, आणि कणा शेपटीजवळ थोडा वाकडा राहिला आहे. आता त्याच घरातल्या थोरल्या मुलाला स्वतःचा सरडा हवा आहे. त्याने वेगळी पेटी मांडली आहे, तिच्यात दिवे लावले आहेत आणि आठ दिवस रिकाम्या पेटीचे तापमान सकाळ, दुपार, रात्र तो वहीत लिहून ठेवतो आहे. वही मला दाखवायला आणली होती. थंड टोक अजून चार अंशांनी गरम आहे, म्हणून सरडा पुढच्या शनिवारी यायचा होता, तो आणखी एक शनिवार थांबणार आहे.